बदामाचं झाड आणि यास्मीनची पंगत

५ जानेवारी, सोमवार

डॉक्टर म्हणाले, रोज थोडं लिहा. उजव्याच हातानं. काय लिहू? अक्षर म्हणजे कोंबडी नाचून गेली. बोटं दुखली. पुरे.

६ जानेवारी, मंगळवार

मी शालिग्राम. एसटीचा रिटायर कंडक्टर, मेहकर डेपो. कंडक्टर म्हणून सगळे मास्तर म्हणतात. दिवाळीनंतर अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, तोंड सरळ झालं, उजवा हात राहिला. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. मी काय लहान पोट्टा आहे? सुनेच्या बालवर्गात देऊन टाकला.

८ जानेवारी, गुरुवार

आमच्या पुढच्या खोलीत सून प्रतीक्षा बालवर्ग चालवते. सकाळी पोट्टे आले की डोकं उठतं. दिवाळीच्या गर्दीत स्टँडवरसुद्धा इतका कालवा नसायचा.

आज तिनं नवीन खूळ काढलं. शेजारी देवानंदच्या अंगणात मोठ्या पानांचा देशी बदाम आहे. या दिवसांत त्याची पानं लाल-केशरी होतात आणि सगळी आमच्या अंगणात पडतात. झाडून झाडून आमच्या मंजुळाबाईचं, म्हणजे बायकोचं, कंबरडं मोडतं. तर त्या झाडाचं चित्र म्हणे पोरांकडून करून घ्यायचं, आणि तेही ब्रश-रंगाशिवाय. पातळ रंगीत कागदाचे तुकडे पांढऱ्या कागदावर मांडायचे, वरून पाणी लावायचं. कागदाचा रंग खाली उतरतो. वाळलं की तुकडे उचलून टाकायचे, झाडाला पानं राहतात. मोबाइलवर पाहिलं तिनं. मी म्हटलं, रंग जाणारी वस्तू माणूस दुकानदाराच्या तोंडावर फेकून येतो, तू मुद्दाम आणणार?

हसली नुसती. मग म्हणते, "मामाजी, मदतीची बाई सोडून गेली. कागद फाडायला तुम्ही बसा." म्हटलं कात्रीनं काप. तर म्हणे लेकरांत कात्री नको, हातानंच फाडायचं. "आणि साऱ्या डेपोत कागद फाडण्यात तुमच्या हातासारखा हात कोणाचा होता?"

हे मात्र खरं आहे. खच्चून भरलेल्या गाडीत, एका पायावर उभा राहून मी तिकिटं फाडली आहेत, एकही तिरकं गेलं नाही. बरं म्हटलं. बाई मिळेपर्यंत.

९ जानेवारी, शुक्रवार

फजिती. संक्रांत जवळ आली, दुकानं पतंगांनी भरली आहेत, म्हणून मी पतंगाचा कागद आणला. पाणी लावलं तर रंग जाईना, कागदाचाच लगदा झाला. पोट्ट्यांनी त्या लगद्याचे लाडू वळले. डिंपल नावाची एक आहे, तिनं चाखूनही पाहिला.

मी डाव्या हातानं फाडत होतो तर प्रतीक्षा कानात म्हणाली, "मामाजी, उजव्यानं. पोरं तुमचं पाहून करतात, सगळी डावखुरी होतील." आता लोकांच्या लेकरांचं वाटोळं मी कशाला करू? उजव्यानं फाडले. पाव पाव वितीचे, वेडेवाकडे. आसिम म्हणतो, "आबा, तुमाले फाडता येत नाई?" चार वर्षांचं कार्टं.

१० जानेवारी, शनिवार

एक गोष्ट लिहून टाकतो, बोलायची हिंमत नाही.

डिसेंबरात आमच्या गल्लीतल्या गुलाबरावच्या नातवाचं बारसं होतं. पंगत बसली. माझ्या हातातून भाजी सांडायची, पोळी तुटायची नाही. डाव्या हातानं जेवणं म्हणजे तर चारचौघांत शोभाच. आमच्याकडे पंगतीत सगळ्यांचं झाल्याशिवाय कोणी उठत नाही. सगळ्यांचं झालं आणि माझं अर्धं पान तसंच. लोक हात वाळवत बसले. मागं दुसरी पंगत उभी. रंगराव, आमच्या डेपोचा जुना कंट्रोलर, मोठ्यानं म्हणाला, "मास्तरची गाडी आज लेट हाय!" सगळे हसले. त्याच्या मनात वाईट नसेल. मी पान तसंच टाकून उठलो.

तेव्हापासून मी मागच्या खोलीत चमच्यानं जेवतो, दार लोटून. कोणाच्या पंगतीला जायचं नाही हे ठरवलं आहे. घरी सांगितलं, पथ्य आहे.

१२ जानेवारी, सोमवार

आज कय्यूम आला. माझा ड्रायव्हर. कय्यूम चालवायचा, मी घंटी मारायचो, यात आमची सगळी नोकरी गेली. त्याची नात गुलनाज आमच्याच बालवर्गात आहे, म्हणजे सगळ्या बालवर्गावर हुकूम चालवते.

काखेत कागदाची गुंडाळी. प्रतीक्षानं त्याला विचारलं होतं म्हणे. मोहरमचे ताबूत करणाऱ्या त्याच्या चुलतभावाकडचा कोरा उरलेला कागद. "पाहा मास्तर, ह्या कागदाले थेंब लागला की रडते बेटा. ऐन मिरवणुकीत पानी आलं का ताबूतवाले कागदवाल्याच्या सात पिढ्या काढते. तुमच्या सुनेले तोच पाह्यजे म्हनते." लाल, केशरी, पिवळा, किरमिजी. लय सुंदर कागद.

मग खिशातून पत्रिका काढली. यास्मीनचं लग्न. त्याची धाकटी. आठ फेब्रुवारीला, रोजे लागायच्या आत. "हिंदू भाईंची पंगत वेगळी हाय. सुलतानपूरचा आचारी सांगितला. तुमी आदल्या दिवसापासून याचं."

माझ्या तोंडून निघून गेलं, "त्या दिवशी मला नांदुऱ्याला जाणं आहे."

कय्यूम पाहतच राहिला. "काय काम हाय?" मी कागदाची गुंडाळी उलगडत बसलो. मग तो जे बोलला ते जसंच्या तसं लिहितो. "मुक्कामाच्या गाडीवर माह्या डब्यातलं खाल्लं तुमी मास्तर. तवा अंधारात कोनी पाह्यत नोतं. आता माह्या दारी, चार लोकात जेवाचं आलं, तं नांदुरा निंघालं?"

चहा न पिताच गेला. त्याला वाटलं मी जात पाहिली. अरे देवा. काहीही वाटो माणसाला, पण हे?

१३ जानेवारी, मंगळवार

झोप नाही. त्याला खरं सांगितलं तर म्हणेल, एवढंच ना मास्तर, मी भरवतो. भरवेलच तो. म्हणूनच सांगायचं नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

आज झाड झालं!

प्रतीक्षानं कोळशानं खोड आणि फांद्या काढून दिल्या. पोट्ट्यांनी कय्यूमच्या कागदाचे तुकडे मांडले. मी वाटीत पाणी घेऊन बोटानं लावत गेलो. पंखा चालू राहिला होता, निम्मी पानं उडून मंजुळाबाईच्या लुगड्यावर. ओली होती. लुगड्याला केशरी ठिपके पडले. ती म्हणे, "तुमच्या झाडाच्या नादात माह्यं लुगडं गेलं, आता दुसरं तुमीच आना." गुलनाजनं तिला सांगितलं, "दादी, अच्छा दिखता."

वाळायला अंगणात ठेवलं. आसिमला दम निघत नव्हता. दर घटकेला एक तुकडा उचलून बघायचा आणि रंग फिका म्हणून रडायचा. दुपारी सगळ्यांनी मिळून तुकडे उचलले आणि खाली पानं! कडा गडद, मध्ये फिकी, लाल केशरीत मिसळलेला. एकदम देवानंदचा बदाम. पोट्टे नाचले. मीही हसलो बहुतेक, कारण मंजुळाबाई टक लावून पाहत होती.

एकच खोट. माझे तुकडे लय मोठे. माझ्या फांदीला पानं नाहीत, गोधड्या वाळत घातल्या आहेत.

२० जानेवारी, मंगळवार

प्रतीक्षाला समाधान म्हणून नाही. आता म्हणते तुकडे लहान पाहिजेत, रुपयाएवढे. आणि बोटानं पाणी लावायचं नाही, कापसाचा बोळा पिळून थेंब थेंब सोडायचा. म्हटलं मदतीच्या बाईचं काय झालं? "शोधतेय ना मामाजी." एवढ्या मोठ्या मेहकरात हिला एक बाई मिळत नाही. आजकालच्या पोरींना माणसं धरून ठेवता येत नाहीत, दुसरं काय.

गुलनाजला घ्यायला कय्यूम आला होता. फाटकाबाहेरच उभा राहिला. मी हात केला. त्यानं मान हलवली आणि पोरीला घेऊन गेला. पूर्वी फाटकातूनच ओरडायचा, "काऊन बे मास्तर, चहा हाय का?"

२३ जानेवारी, शुक्रवार

दवाखान्यात जाऊन आलो. डॉक्टरांनी चिमटीत कागद धरायला लावला आणि ओढून पाहिला. त्यांना जोर लावावा लागला. खूश झाले. म्हणाले, "झाड कसं चाललंय?" मी चाट पडलो, यांना कोणी सांगितलं? घरी येऊन प्रतीक्षाला विचारलं तर ती म्हणे, गाव लहान आहे मामाजी, पोरं घरोघर सांगतात. खरं आहे. डिंपलच्या पोटात तर काही राहतच नाही.

चेंडूबद्दल डॉक्टरांनी विचारलं नाही. बरं झालं.

२८ जानेवारी, बुधवार

आता तुकडे नखाएवढे पाहिजेत! मला म्हणते, "बदामाची पानं पडायला लागली की शेंड्यावर बारीक पालवी फुटते, ती दाखवायचीय." मी सरळ सांगितलं, बाई, मी कंडक्टर आहे, सोनार नाही. तर गुलनाज कमरेवर हात ठेवून, "आबा, ऐसा नै, ऐसा!" माझा अंगठा आणि बोट धरून तिनं कागदावर दाबलं. इवलीशी बोटं, पण पकड डेपो मॅनेजरची. पहिला फाटला नाही, दुसरा भलतीकडे गेला, मग एक निघाला. नखाएवढा, पिवळा. तिनं जिभेनं ओला करून शेंड्यावर चिकटवला आणि म्हणाली, "ये आबाका पत्ता."

मला एकदम भरून आलं. उगाच. नाक शिंकरायला बाहेर गेलो.

३० जानेवारी, शुक्रवार

मंजुळाबाई काल दुपारी इमामबीकडे, म्हणजे कय्यूमच्या बायकोकडे, बसायला गेली होती. लग्नघर आहे, पापडाला मदत करते म्हणाली. संध्याकाळ करून आली. डोळे लाल होते. म्हणे मिरच्या कुटल्या. पापडाला कुटलेली मिरची कधीपासून लागते? पण बायकांच्या कामात मी बोलत नाही.

आणि आज गंमत पाहा, कय्यूम फाटकाच्या आत आला. स्वतःहून. माझ्याजवळ ओट्यावर बसला, माझ्या पुढ्यातल्या तुकड्यांतला एक उचलून पाहिला, खाली ठेवला. मग म्हणाला, "नांदुऱ्याचं काम झालं नाई तं या मास्तर." आवाज पहिल्यासारखा. मी म्हटलं, बघतो. कय्यूमचा राग असाच, इंजिन तापलं की तापलं, गार झालं की गार.

पण जाणार कसा? तो राग विसरला, माझा हात तर तोच आहे.

३ फेब्रुवारी, मंगळवार

मागच्या खोलीत भाकरी मोडून पाहिली. चमचा बाजूला ठेवून. दार लोटलं होतं. भाकरी तुटली, भाजीत बुडवली, निम्मी तोंडापर्यंत आली. निम्मी शर्टावर. वेळ इतका लागला की भाजी गार झाली. पोट भरलं पण जीव दमला. पंगतीत हे नाही चालायचं. नाही म्हणजे नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

शनिवारी बालवर्गाला सुट्टी असते, पण प्रतीक्षानं मोठं झाड करायचं म्हणून पोरांना बोलावलं. भिंतीएवढा कागद, चित्रकलेचे चार कागद जोडून. आज वेळ पुरेना म्हणून मीही घाई केली, ओले तुकडे बोटांनीच दाबले. झाड मात्र झालं हो. खाली मोठी लाल पानं, मध्ये केशरी, शेंड्याला पिवळी बारीक पालवी, आणि जमिनीवर गळलेल्यांचा ढीग. आसिमला आता दम धरता येतो, वाळेपर्यंत हात पाठीमागं बांधून उभा होता. प्रतीक्षानं प्रत्येकाचं नाव खाली लिहिलं. माझंही लिहिलं. मी म्हटलं, मी काय विद्यार्थी आहे? तर म्हणे, "पट काढला तर सगळ्यांत जास्त हजेरी तुमचीच निघेल."

संध्याकाळी हात धुतले तर रंग जाईना. साबण झाला, लिंबू झालं, राख झाली. उजव्या हाताची बोटं पेरापर्यंत केशरी-लाल. एका परीनं बरंच झालं, उद्या न जायला कारण मिळालं. असा हात घेऊन लग्नाला कोण जातो?

प्रतीक्षाला तसं सांगितलं. मला वाटलं आग्रह करेल. ती म्हणाली, "नका जाऊ मग. मी सांगते चाचांना." आणि भांडी घासायला लागली. मला का कोण जाणे तिचा रागच आला.

८ फेब्रुवारी, रविवार

आज बोट थांबत नाही, सगळं लिहितो.

सकाळी मी अंघोळ करून घरचा सदरा घालून बसलो होतो. जायचं नाही म्हणजे नाही. अकराच्या सुमाराला फाटक वाजलं. गुलनाज, हिरव्या शराऱ्यात, हातभर मेंदी, मागं तिचा बाप मोटारसायकल घेऊन. "आबा, चलो. दादा बोले गाडी तुम्हारे बिगर नै हिलती." मी म्हटलं, माझे हात पाहा कसे झालेत. तिनं पाहिले. तिला त्यात वावगं काही दिसेना. मंजुळाबाई आतून इस्त्रीचं धोतर-सदरा घेऊन आली. तयारच होतं. ही बाई कधी इस्त्री करते देव जाणे.

निकाह झाला. यास्मीनला दुरून पाहिलं, कय्यूमला मिठी मारली. तिथपर्यंत ठीक. मी शाल पांघरून उजवा हात आत ठेवला होता. मग आमच्या लोकांची पंगत बसली. माझ्या एका बाजूला गुलाबराव, दुसऱ्या बाजूला रंगराव. रंगरावाला पाहून मी शाल आणखी घट्ट ओढली. उठून जावं म्हटलं तर पानं मांडून झाली होती. पुऱ्या आल्या, वांग्याची भाजी, वरण-भात, बुंदी. सगळे सुरू झाले. मी म्हटलं, मला पथ्य आहे, नुसता बसतो.

तेवढ्यात गुलनाज पळत आली, माझ्या समोर फतकल मारून बसली, आणि शालीत हात घालून माझा हात बाहेर ओढला. "देखो, आबा ने भी मेंदी लगाई!" आपला हात माझ्या हाताशेजारी धरून सगळ्या पंगतीला दाखवला. गुलाबराव म्हणाला, "अरे राजा, काय रंगली मास्तरची!" कोणी तरी म्हणालं, नवरदेवाची इतकी नाही रंगली. पडद्याआडून बायकासुद्धा हसल्या. मीही हसलो. काय करणार? आणि हात तसाच पानावर राहिला, उघडा. परत शालीत घ्यायचं विसरलो.

मग पुरी मोडली. अंगठा आणि बोट, दाबून, ओढून. तुटली. भाजीला लावली, तोंडात घातली. सुलतानपूरच्या आचाऱ्यानं वांगी अशी केली होती की काय सांगू. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा गरम जेवलो, माणसांत बसून. डोळ्यांत पाणी आलं, रश्शाला तिखट फार होतं.

भात सांडला. सांडू दे. कय्यूम स्वतः वाढायला आला, घरधनी असून. माझ्यासमोर आला, पानाकडं पाहिलं, हाताकडं पाहिलं, आणि एक पुरी ठेवली. ओठ थरथरत होते. लेकीच्या लग्नात बापाचं होतंच तसं. मग तो रंगरावाजवळ वाकून काहीतरी पुटपुटला आणि पुढं गेला.

आता एक नवल लिहितो. रंगरावाला शुगर आहे, सगळ्या मेहकरला माहीत आहे. पण गडी आज सुटलाच होता. दोनदा वरण-भात घेतला, मग पुऱ्या, मग बुंदी, परत बुंदी. गुलाबराव तर भात कालवतोय, कालवतोय, तोंडात घालायचं नावच नाही. त्याच्यापलीकडचे लोकही तसेच, एकाच घासाशी खेळ मांडल्यासारखे. मागं दुसरी पंगत उभी होती, त्यांच्यातलंही कोणी चुळबुळलं नाही. कय्यूम पातेलं घेऊन आमच्याच ओळीत फेऱ्या मारत होता. आचारी चांगला असला म्हणून माणसानं एवढं खावं? मला वेळ मिळाला खरा. सावकाश जेवलो, कोणाकडं न बघता.

शेवटचा घास घेऊन मान वर केली तर काय, माझं पान स्वच्छ, आणि रंगरावाच्या पानात अजून बुंदी, गुलाबरावचा भात तसाच! माझं त्यांच्याआधी झालं. मी हात पानावर ठेवून बसून राहिलो. रीत आहे, सगळ्यांचं झाल्याशिवाय उठायचं नाही.

मग त्यांनी भराभर संपवलं आणि सगळे एकदम उठलो. हात धुताना रंगराव माझ्याजवळ आला. माझ्याकडं न पाहता म्हणाला, "मास्तर, तुमाले लय ताटकळत ठेवलं आमी."

म्हटलं, असू दे रंगराव. होते कधी कधी.